नऊ बोटे उंबरा आणि आठ दिवसांचा नेचा

मृत्युपत्राच्या आरंभी तक्रार करू नये असा संकेत आहे; परंतु मरणाऱ्याने ती नंतर कुठे करावी, हे संकेत करणाऱ्यांनी सांगून ठेवलेले नाही. म्हणून प्रथम तक्रार. नळदुर्ग, तालुका तुळजापूर, जिल्हा उस्मानाबाद येथील माझ्या राहत्या घराचा उंबरा नऊ बोटे उंच आहे. तो सात बोटे असावयास हवा होता. ज्या सुताराने तो बसवला तो वारला, ज्यांनी बसवू दिला ते माझे वडीलही वारले. तेव्हा प्रतिवादी कोणी उरला नाही. ही दोन बोटे जास्तीची उंची मी गेली दहा वर्षे रोज दोन वेळा, हातात मातीने भरलेली कुंडी घेऊन ओलांडतो आहे. संध्याकाळी एकदा बाहेर जाताना, एकदा आत येताना. परिणामी मला अंतर्गळ, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत हर्निया, झाला आहे.

सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासून विचारले, "काय उचलता?" मी म्हणालो, "नेचा." ते म्हणाले, "म्हणजे?" मी सांगितले, की झाड आहे, त्याला फूल येत नाही, फळ येत नाही, खाता येत नाही, देवाला वाहता येत नाही, आणि ते रोज बाहेर नेऊन परत आत आणावे लागते. त्यांनी धंद्याच्या रकान्यात 'मजुरी' असे लिहिले. सत्तावीस वर्षे संस्कृत शिकवल्याची ही पोच.

शस्त्रक्रिया येत्या गुरुवारी आहे. सबब मी, उत्तरेश्वर नरहर सोनारीकर, वय बावन्न, धंदा (खरा) शिक्षक, बुद्धी ठिकाणावर असताना, स्मरण शाबूत असताना, कोणाच्याही दडपणाखाली नसताना (पत्नी शेजारच्या खोलीत आहे, पण मधले दार लोटलेले आहे) हा लेख स्वहस्ते लिहून ठेवतो. तुळजापूरचा अर्जनवीस लिहून द्यायला तयार होता. परंतु कुंडीतले झाड स्थावरात घालायचे की जंगमात, असे त्याने विचारले, आणि मी उत्तराला सुरुवात केल्यावर तो जेवायला निघून गेला.

वाचणाऱ्याचा घोटाळा होऊ नये म्हणून मुख्य मुद्दा आधीच सांगतो. हा नेचा माझ्याकडे आहे, पण तो माझा आहे की नाही हे ठरलेले नाही. तो मूळचा चाँदपाशा यांच्या हातचा. चाँदपाशा हे येथील डाकबंगल्याचे माळी होते. आता काम सुटले आहे, सवय सुटलेली नाही. ते रोज साडेपाच वाजता माझ्या ओट्यावर येऊन बसतात. मी कुंडी बाहेर आणून त्यांच्यापुढे ठेवतो. ते झाड तपासतात, मला बोल लावतात, चहा घेतात व जातात. मी कुंडी आत नेतो. माझ्यामागे ही व्यवस्था कोणी चालवायची, हा या मृत्युपत्राचा विषय आहे. घर, पैसा, पुस्तके हे सर्व तोंडी लावण्यापुरते.

कलम १. घर पत्नी सौ. द्वारकाबाई हिचे. त्यावर माझ्या चुलतभावांनी हक्क सांगू नये. सांगितल्यास त्यांनी आधी घराचे माळवद दोन पावसाळे गळू न देता राखून दाखवावे. उंबरा तासून सात बोटे करावा अशी अट घालणार होतो. द्वारकाबाईला वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "उंबरा तासतात का कुठं? लक्ष्मी घरंगळून जाईल." मी म्हणालो, की या घरात तिला घरंगळण्याइतका वेग कधी आलेला नाही. तरी ती रोज त्याला हळदकुंकू लावते, म्हणून अट मागे घेतली आहे.

कलम २. पोस्टात जे काही असेल ते द्वारकाबाईचे. किती आहे हे तिला माझ्याआधी कळते, म्हणून येथे लिहीत नाही. पुस्तके शाळेला. खालच्या फळीवरच्या पुस्तकांना बुरशी आहे, ती ज्ञानाची नसून नेच्यावर पाणी फवारल्याची आहे. शाळेने तक्रार करू नये. ती फळी गेल्या वीस वर्षांत कोणी मागितलेली नाही.

कलम ३. अवजारे. यात एक पितळी पिचकारी (रंगपंचमीची, आता नेच्याची), वाळकी पाने छाटायची कात्री, आणि कोळसा फोडायची हातोडी. ही ज्याच्याकडे नेचा जाईल त्याच्याकडे जावीत, आणि सोबत खालील रीतही जावी. ती मी दहा वर्षे बोलणी खाऊन मिळवलेली आहे. फुकट मिळते म्हणून हलकी समजू नये.

माती शेतातली काळी घेऊ नये. ती आमच्या भागाचा अभिमान असली तरी नेच्याची कबर आहे. किल्ल्यातल्या झाडांखालचा कुजका पाला, विटेचा चुरा, थोडी वाळू, थोडा कोळसा, हे एकत्र करावे. कुंडीच्या बुडाला भोक असावे व ते बुजलेले नसावे. (पहिल्या वर्षी मी ते मेणाने बुजवले होते, घरात पाणी गळू नये म्हणून. चाँदपाशा म्हणाले, "मास्तर, पानी देताय का पूर आणताय?") पाणी वेळ पाहून देऊ नये, मातीत बोट घालून द्यावे. मी सुरुवातीला वेळापत्रक करून भिंतीला लावले होते. चाँदपाशांनी ते वाचून दाखवायला सांगितले, पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाले, "कागदाला तहान कळती का? बोट घाला. बोट सांगंल."

ऊन पानावर पडू देऊ नये, उजेड मात्र हवा. माघापासून मृगापर्यंत घरात ठेवावा, आणि घरातही जिथे सर्वांत गारवा असेल तिथे. आमच्या घरात ती जागा म्हणजे माजघरात पिण्याच्या पाण्याच्या रांजणाशेजारी. रांजण पाझरतो, नेचा पितो, दोघांचे चांगले चालते. पावसाळ्यात व पुढे माघ लागेपर्यंत उत्तरेच्या बाजूला, वळचणीखाली, दिवसभर बाहेर ठेवला तरी चालतो. मात्र वारा लागता कामा नये. मी एकदा म्हणालो, की किल्ल्यात पाणीमहालाच्या भिंतीला रानटी नेचा दरसाल आपोआप उगवतो, त्याच्यात कोणी बोट घालत नाही. त्यावर उत्तर आले, "ती रानातली हाय मास्तर. ही बेगम हाय. हिला वारा बी विचारून द्यावा लागतो."

कलम ४. भिंतीवर चौकटीत लावलेले एक प्रशस्तिपत्र आहे. सन १९५५ साली उस्मानाबादेस भरलेल्या एका प्रदर्शनात मी हा नेचा ठेवला होता. एसटीच्या टपावर तो ठेवू देईनात, म्हणून मांडीवर घेऊन गेलो. परीक्षकांनी त्याला 'पालेभाज्या' या विभागात घालून तिसरा क्रमांक दिला. पहिला शेपूला, दुसरा चुक्याला. मी हरकत घेतली तेव्हा परीक्षक म्हणाले, की तुमच्या भाजीला वास नाही म्हणून गुण गेले, पुढच्या वर्षी खत बदला.

हे प्रशस्तिपत्र मी माझे शेजारी गुंडप्पा यांच्या शेळीला देतो. कारण परीक्षकांच्या मताला प्रत्यक्ष प्रमाणाचा आधार देणारा एवढा एकच जीव या जिल्ह्यात आहे. नेचा वळचणीला असताना त्या शेळीने त्याची अकरा पाने नेली. मी गुंडप्पांना जाब विचारला. ते दुकानात गूळ फोडत होते, मान वर न करता म्हणाले, "खाल्ली न्हाईत मास्तर, थुंकली. बेचव हाय तुमचं झाड. आता माझ्या शेळीच्या तोंडाची चव गेली, तिचं काय?" या विषयावर आम्ही दोघे सात महिने बोलत नव्हतो. पुढे त्यांच्या मुलाचा संस्कृतचा पेपर आला आणि तह झाला. तहाची खूण म्हणून मी नेच्याचे एक पिलू त्यांना दिले. त्यांनी ते गुळाच्या ढेपेशेजारी ठेवले व मुंग्यांना वाढले. तरी त्यांना मी क्षमा करतो. शेळीला नाही.

कलम ५. ही एक कबुली आहे, देणगी नाही. पण कलमांचा आकडा चालू आहे म्हणून तिलाही देतो. नेचा घरी येऊन सहा महिने झाले असताना पानांच्या खालच्या बाजूला तपकिरी ठिपके दिसू लागले. काठाला धरून, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, जणू कोणी पट्टी लावून काढलेले. मी म्हणालो, रोग आहे. द्वारकाबाई म्हणाली, एवढा शिस्तीचा रोग नसतो. पण माझ्या शब्दाला त्या काळी घरात किंमत होती. आम्ही तीन दिवस बसून, तंबाखूच्या पाण्यात फडके बुडवून, एकेका पानाचा एकेक ठिपका पुसून काढला. चौथ्या दिवशी मोठ्या अभिमानाने कुंडी ओट्यावर ठेवली. चाँदपाशांनी पान उलटे केले. मग दुसरे केले. मग कपाळाला हात लावून बसले.

"मास्तर," ते हळू म्हणाले, "ते बी हाय तिचं. सारी अवलाद पुसून टाकली तुम्ही."

आम्हा उभयतांना मूलबाळ नाही. द्वारकाबाई दाराआड उभी होती, ती ऐकून आत गेली. मला वाटले रडते आहे. जाऊन पाहिले तर तोंडाला पदर लावून हसत होती, आणि हसताना डोळ्यांतून पाणी येत होते, त्यामुळे माझा अंदाज पूर्ण चुकला असे म्हणता येत नाही. पुढच्या वर्षी ठिपके पुन्हा आले. ते आता आमच्या घरी कोणी पुसत नाही. द्वारकाबाई तर पाहुण्यांना पान उलटे करून दाखवते.

कलम ६. आता नेचा.

हा नेचा कोणाचा, याचा मी शास्त्राने विचार केला आहे. हैदराबादेहून एक साहेब डाकबंगल्यावर आला, त्याने तो आणला. साहेबाची बदली झाली, नेचा राहिला. तो निजाम सरकारचा म्हणावा तर ते सरकार गेले. मग हैदराबाद राज्य आले, तेही गेले. सध्या आम्ही मुंबई राज्यात आहोत, आणि आणखी एक राज्य होऊ घातले आहे असे वर्तमानपत्र म्हणते. या सर्वांपैकी एकाही सरकारने त्याला पाणी घातलेले नाही. पाणी घातले चाँदपाशांनी, तेव्हा तो त्यांचा. इथपर्यंत माझ्या मनात शंका नाही. शंका पुढे आहे.

सन १९४८ च्या भाद्रपदात, पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामी गेली त्यानंतरच्या आठवड्यात, गावोगाव मुसलमानांची घरे पेटत असताना, दुपारी दार वाजले. द्वारकाबाई माहेरी, माकणीला होती. घरात मी आणि आई. दार उघडले तो चाँदपाशा. डोक्यावर ही कुंडी. मागे त्यांची बायको कुलसुमबी, हातात एक बोचके. तोवर आमची ओळख म्हणजे डाकबंगल्यावरून जाताना मी थांबून झाडाचे नाव विचारी व ते 'फरन' म्हणून सांगत, एवढीच. ते म्हणाले, "मास्तर, आठ रोज ठेवून घ्या. बाहेर ठेवू नका, मरंल. आत ठेवा."

मी म्हणालो, "ठेवतो." कुंडी घेतली, उंबरा ओलांडला, ती रांजणाशेजारी ठेवली. सोवळ्याची जागा म्हणून आईने हरकत घेतली. मी म्हणालो, झाडाला जात नसते. फार बरे बोललो असे मला तेव्हा वाटले होते. परत दाराशी आलो तेव्हा ते दोघे गल्लीच्या टोकाला पोहोचले होते. मी दार लावून घेतले.

द्वारकाबाई माहेरून आली. म्हणाली, "हे कोणी आणलं?" मी म्हणालो, "चाँदपाशांनी." "मग ते कुठं आहेत?" "गेले." तिने पुढे विचारले नाही. ती पुढे विचारत नाही तेव्हा फार विचारलेले असते.

आठ दिवसांचे पाच महिने झाले. माघात एका संध्याकाळी चाँदपाशा आले. अंगाने निम्मे राहिले होते. रस्त्यातच उभे राहून त्यांनी विचारले, "फरन जित्ती हाय का?" मी ओट्याकडे हात करून म्हणालो, "बसा." ते म्हणाले, "इथंच बरं हाय," आणि बसले. मी आत जाऊन कुंडी बाहेर आणली. त्यांनी मातीत बोट घातले, म्हणाले, "पानी जादा झालं," आणि मग बराच वेळ बोट तसेच मातीत ठेवून बसले. त्या पाच महिन्यांत ते कुठे होते, काय झाले, कुलसुमबी कुठे आहे, हे मी विचारले नाही. आम्ही कोळशाविषयी बोललो. तेव्हापासून दहा वर्षे कोळशाविषयीच बोलत आहोत.

नेचा परत न्या, असे मी एकदाच म्हणालो. ते म्हणाले, की माझ्या घरावर पत्रा आहे, वैशाखात ती भाजून मरेल. इथे तिचा जीव लागला आहे. मला हायसे वाटले, आणि पुन्हा तो विषय काढला नाही. उलट, त्यांनी यावे म्हणून मी खोटेही बोललो आहे. झाड उत्तम असताना "जरा मलूल वाटतं" असे मी किमान शंभर वेळा म्हटले असेल. दोनदा तर मुद्दाम पाणी कमी घातले. त्यांनीही मला फसवलेले आहे: रोज येतात आणि रोज म्हणतात, की इकडे बाजाराला आलो होतो. नळदुर्गचा बाजार आठवड्यातून एकदा भरतो.

शास्त्रात याला निक्षेप म्हणतात. ठेव मागेल तेव्हा जशीच्या तशी परत द्यायची. तिच्या वाढीवर ठेवून घेणाऱ्याचा हक्क नाही. तेव्हा नेचा, त्याची कुंडी आणि त्याची झालेली व होणारी सर्व पिले चाँदपाशांची आहेत, माझी कधीच नव्हती. जे माझे नाही ते मी कोणाला देऊ शकत नाही. मात्र पत्र्याचे कारण खरे असल्याने ठेव याच घरात, याच रांजणाशेजारी राहावी, व मालकाने रोज येऊन ती पाहावी. ती उचलून बाहेर नेण्याचे काम द्वारकाबाईने करू नये. एका घरात एक अंतर्गळ पुरे.

मग पाहणार कशी, हा प्रश्न अर्जनवीसही विचारील. तो द्वारकाबाईने मागच्या महिन्यातच सोडवला आहे. सोलापूरहून आल्यावर मी उंबऱ्याच्या नावाने बोटे मोडत होतो. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "एवढी कुंडी रोज बाहेर नेण्यापेक्षा एक माणूस आत आणायचा."

मी म्हणालो, "ते येत नाहीत."

"बोलावलंय कधी?"

भाकरी तिने तव्यावर टाकली. हे मृत्युपत्र म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे असे समजण्यास हरकत नाही. मला थोडा उशीर लागतो.

कलम ७. ओट्यावरच्या कोनाड्यात एक कप आहे. निळ्या फुलाचा, कान तुटलेला. चाँदपाशांना चहा त्यातून दिला जातो व तो धुऊन परत कोनाड्यातच ठेवला जातो. हा नियम माझ्या आईचा. आई वारून आठ वर्षे झाली. नियम जिवंत आहे, त्याला अजून काही झालेले नाही. हा कप मी कोणालाही देत नाही. तो फेकून द्यावा असेही लिहीत नाही, कारण फेकणे फार सोपे आहे. तो आत आणून फळीवर, माझ्या कपाशेजारी ठेवावा. मी परत आलो तर त्यातून चहा मी पिईन. कान नसलेला कप हाताला किती भाजतो हे दहा वर्षांत मला कळलेले नाही.

येणेप्रमाणे सर्व कलमे लिहून संपली. खाडाखोड तीन ठिकाणी आहे, ती माझी. पाण्याचे डाग दोन ठिकाणी आहेत, ते पिचकारीचे समजावे.

मुक्काम नळदुर्ग. मिती वैशाख शुद्ध चतुर्थी, शके १८८१, सोमवार, तारीख ११ मे १९५९.

सही: उत्तरेश्वर नरहर सोनारीकर

साक्षीदार पहिला: गुंडप्पा, किराणा दुकानदार, शेजारी. यांनी आज दुपारी घरात बसून माझ्यासमोर सही केली. कलम चार वाचून त्यांनी शेळीच्या वतीने निषेध नोंदवला आहे. सही मात्र स्वच्छ आहे.

साक्षीदार दुसरा: (जागा कोरी.)

ही जागा चाँदपाशांची. ज्याला मिळकत मिळते त्याने साक्ष करू नये असा कायदा आहे. परंतु मी त्यांना काही देत नाही. जे त्यांचे होते ते त्यांचे आहे, एवढेच म्हणतो. त्यांची सही उर्दूत होते, ती चालते. आता पाच वाजून गेले आहेत. कागद, टाक व दौत माजघरात रांजणाशेजारी, कुंडीपाशी, पाटावर ठेवली आहे. डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून सांगितले आहे. कागदाला वजन नसते, तो मला ओट्यावर सहज नेता येईल. म्हणूनच लिहून ठेवतो की नेणार नाही. दारात उभे राहून "आत या" एवढेच म्हणायचे आहे. भाद्रपदातल्या त्या दुपारीही एवढेच म्हणायचे होते.

गुरुवारची भीती वाटते, ती कोणालाही वाटेल. माझी खरी काळजी ती नाही. मी दारात उभा राहीन, म्हणेन, आणि चाँदपाशा जागचे न हलता म्हणतील, "ऱ्हाऊ द्या मास्तर. इथंच बरं हाय."